मुलाच्या हातून छोटा अपघात, समोरच्याला दुखापत: भरपाई विमा कंपनी देते की बाप?

सालेकसा-आमगाव रस्त्यावर कधीही घडू शकेल असा प्रसंग घ्या. घरची कार घेऊन मुलगा निघालाय. वळणावर समोरून येणाऱ्या मोटरसायकलला गाडी घासते आणि चालवणारा पडतो. तो उठतो, कपडे झटकतो. गुडघा खरचटलाय, हात थोडा दुखतोय. दहा माणसं जमतात, कुणीतरी मध्यस्थी करतं, मुलाचे वडील येऊन पाच हजार हातावर ठेवतात आणि ‘मिटलं’ म्हणून सगळे घरी जातात. चार दिवसांनी निरोप येतो: मनगटाचं हाड मोडलंय, ऐन रोवणीत मजुरी बुडाली, पन्नास हजार द्या नाहीतर केस करतो.

आता दोन्ही घरांत घबराट असते. एका घराला वाटतं, हा पैसे उकळतोय. दुसऱ्याला वाटतं, गाडीवाले सुटून जातील. खरं म्हणजे अशा प्रसंगासाठीच गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा केलेला आहे. पण तो पैसा कोणाच्या खिशातून जाणार, हे मुलगा १८ वर्षांचा आहे का आणि त्याच्याकडे परवाना आहे का, यावर ठरतं. धडक किती जोरात बसली याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

जागेवर मिटवलं की मिटतं का?

पोलिसांच्या फेऱ्या, गोंदियाच्या चकरा आणि गावातलं वैर टळावं म्हणून लोक जागेवर मिटवतात. यात चुकीचं असं काही नाही. अडचण एवढीच की त्या पाच हजारांनी कायद्यातलं काहीच बंद होत नाही. कागद केला नसेल तर पैसे दिले हेही सिद्ध करता येत नाही. कागद केला असेल तरी तो फार तर पुरावा ठरतो, त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार आपोआप बंद होत नाही. त्यातही सही १७ वर्षांच्या मुलाने केली असेल तर करार कायद्यानुसार ती करारच नव्हे. जखमी स्वतः अल्पवयीन असेल आणि प्रकरण न्यायाधिकरणात गेलं असेल, तर त्याच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते.

दुसरी अडचण विम्याची. पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही आणि पैसे द्यायचेही नाहीत. म्हणजे रस्त्यावर ‘चूक आमचीच, खर्च आम्ही करतो’ असं लिहून देणारा बाप चांगुलपणा दाखवत असतो, पण तोच कागद पुढे कंपनीला हात वर करायला निमित्त ठरू शकतो. जखमीला दवाखान्यात नेणं, औषधाचे पैसे तिथल्या तिथे भरणं ही वेगळी गोष्ट आहे. ते करावंच.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ तर तेच सांगतं. चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था करायची, तिथे पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती द्यायची आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. कंपनीला न कळवण्यामागे बहुतेकांच्या मनात ‘नो क्लेम बोनस’ जाण्याची भीती असते. ती अनाठायी आहे. हा बोनस आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो. समोरच्याच्या दुखापतीचा दावा झाल्याने तो जात नाही.

‘किरकोळ’ हा शब्द कायद्यात वेगळा आहे

आपण ज्याला किरकोळ म्हणतो ते कायद्यात गंभीर असू शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडला, निखळला तर ती ‘गंभीर दुखापत’. करंगळीला बारीकशी चीर गेली तरी तेच. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तरीही ती गंभीर. जुन्या भारतीय दंड संहितेत हे दिवस २० होते.

निष्काळजीपणामुळे साधी दुखापत झाली तर कलम १२५(अ) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, गंभीर झाली तर १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हे जामीनपात्र आहेत. दुखापतीचं कलम न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीत मिटू शकतं. सोबत लागणारं बेदरकारपणे गाडी चालवण्याचं कलम २८१ मात्र तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे ‘केस मागे घेतो, एवढे द्या’ असं कुणी म्हणत असेल तर तेवढं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं, हे लक्षात ठेवा.

म्हणून चार दिवसांनी आलेला हाड मोडल्याचा निरोप लगेच खोटा समजू नये. मनगटाची बारीक फट पहिल्या दिवशी लक्षात न येणं, मानेला बसलेला झटका दुसऱ्या दिवशी जाणवणं हे नेहमीचं आहे. निरोप आला की रागाने फोन आपटण्यापेक्षा ‘एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी विमा कंपनीकडे द्या, आम्हीही कळवतो’ एवढं म्हणणं पुरेसं. खरं-खोटं तपासायला कंपनीकडे माणसं असतात. नोटीस किंवा समन्स आलं तर ते त्याच दिवशी कंपनीला पाठवायचं, ही पण पॉलिसीची अट आहे.

मुलगा १८ चा आहे, परवाना आहे

हे सगळ्यात सोपं. कारसाठी किमान वय १८. परवाना चालू, विमा चालू असेल तर समोरच्याच्या दुखापतीची भरपाई विमा कंपनी देते, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या वाहनाच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा असते. न्यायाधिकरणात चालक, मालक आणि कंपनी तिघेही प्रतिवादी असतात, पण लढते ती कंपनी. घरच्यांना हजर राहावं लागलं तरी पैसे द्यावे लागत नाहीत.

शिकाऊ परवान्याबद्दल बराच गैरसमज आहे. शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंह या निकालात स्पष्ट केलंय. अट अशी की गाडीला ‘एल’ची पाटी हवी आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा. शेजारी तिसरीत शिकणारी बहीण बसली असेल तर अट मोडली.

गाडीतल्या मित्रांचं काय? फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी कारमधले फुकट बसलेले प्रवासी त्या विम्यात येत नाहीत, पॅकेज पॉलिसीत येतात, असा फरक न्यायालयांनी केलेला आहे. आणि चूक ज्याची त्या मुलाची स्वतःची दुखापत थर्ड पार्टी विम्यात बसत नाही. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा, म्हणजे आरसीवर नाव असलेल्या वडिलांचा. मुलाचा नाही.

मुलगा १६-१७ चा आहे

इथून खरी किंमत सुरू होते. १६ ते १८ वयात कायदा फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचा परवाना देतो. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० सीसीच्या पुढच्या आहेत, त्यामुळे ‘बिनगिअरची चालते’ हा समज कामाचा नाही. कारचा तर प्रश्नच नाही.

परवाना नसलेल्या मुलाने गाडी चालवली म्हणजे पॉलिसीची अट मोडली. मग जखमीने पैसे कुणाकडे मागायचे? स्वर्ण सिंह निकालाने यातून मार्ग काढला: जखमी हा तिसरा माणूस, त्याचा दोष नाही, म्हणून कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी. ‘आधी भरा, मग वसूल करा’ हे सूत्र तेव्हापासून देशभरातल्या न्यायाधिकरणांत रुळलेलं आहे. मात्र वसुलीसाठी मालकाने अट मोडू दिली हे कंपनीला दाखवावं लागतं. नुसता परवाना नव्हता एवढं पुरत नाही.

‘मला न विचारता चावी नेली’ असं प्रत्येक बाप सांगतो. जवाहर सिंह विरुद्ध बाला जैन या २०११ च्या निकालात नेमका हाच मुद्दा होता. अल्पवयीन नातेवाइकाने घरी येऊन मोटरसायकलची चावी परस्पर नेली, असं मालकाचं म्हणणं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. चावी अल्पवयीनाच्या हाती लागू न देणं ही मालकाची जबाबदारी धरली आणि कंपनीला रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. २००८ च्या राकेश कुमार अरोरा प्रकरणात तर मालकाचा अल्पवयीन मुलगाच गाडी चालवत होता आणि तिथे विमा कंपनी जबाबदार नाही असं ठरलं. म्हणजे ‘कंपनी आधी भरेल’ हेही गृहीत धरता येत नाही.

वसुली कशी होते हे गावातल्या माणसाला जास्त कळेल. मालकाने रक्कम जमा केली नाही तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना प्रमाणपत्र पाठवतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. खरचटलेल्या गुडघ्यापासून सुरू झालेलं प्रकरण सातबाऱ्यापर्यंत येतं ते असं.

मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. गाडी दोन वर्षांपूर्वी कुणाला विकली, पण एमएच-३५ ची ती आरसी अजून तुमच्याच नावावर असेल, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या करून गाडी देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

भरपाईशिवाय शिक्षा वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. वाहन पालकांच्या संमतीनेच वापरलं असं न्यायालय गृहीत धरतं. माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. ट्रॅक्टर, टेम्पो चालवून किंवा दुकानाचा माल वाहून घर चालवणाऱ्या पोरासाठी २५ पर्यंत परवाना नसणं ही दंडापेक्षा मोठी शिक्षा आहे.

मुलाला स्वतःला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे तो बाल न्याय कायद्यात किरकोळ गुन्हा, आणि अशा वेळी नियमानुसार गुन्हा न नोंदवता ठाण्याच्या डायरीत नोंद घेऊन मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह मंडळाकडे पाठवलं जातं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला. जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता म्हणून राज्यभर संताप झाला. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांना अटक झाली, हेही सगळ्यांनी पाहिलं. तो अपघात आणि आमगाव रस्त्यावरचा हा अपघात यांची तुलना होऊ शकत नाही. पण चावी कुणाची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

जखमीच्या बाजूने पाहिलं तर

मजुरी करणाऱ्याला पाच हजार रोख मिळाले की दवाखान्यात जावंसं वाटत नाही. तिथेच दावा कमकुवत होतो. सालेकसा ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी जावं, रस्ता अपघातात लागलं असं स्पष्ट सांगून एमएलसी करून घ्यावी. नंतर गोंदियाला पाठवलं तर तिथले कागद, एक्स-रे, औषधांची बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या सगळं एका पिशवीत ठेवावं. ‘घरी पडलो’ असं केस पेपरवर लिहिलं गेलं की पुढे ते पुसता येत नाही.

५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस उपचार योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातल्या कुठल्याही जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. चूक कुणाची हे त्यासाठी पाहिलं जात नाही.

दाव्याची मुदत सहा महिने. १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती परत आली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, तूर्त उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसू नये. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवला तर तोच अहवाल दावा म्हणून चालवता येतो, म्हणून ठाण्यातून त्याची प्रत मागून घ्या. कंपनीनेही तोडग्याची रक्कम न्यायाधिकरणापुढे ठेवायची असते, त्यासाठी कलम १४९ मध्ये ३० दिवस दिलेत.

सालेकसा सीमेवरचा तालुका आहे. इकडची माणसं डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला जातात, बालाघाटकडे सोयरिकी आहेत. अपघात छत्तीसगडात झाला म्हणून राजनांदगावला खेटे घालायची गरज नाही. अपघात झाला ते ठिकाण, दावा करणारा राहतो ते ठिकाण किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठेही दावा करता येतो. म्हणजे गोंदिया चालतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. गोंड वस्ती मोठी असलेल्या या तालुक्यात हे जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

पन्नास हजार जास्त की कमी?

राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा निकाल इथे उपयोगी पडतो. साध्या दुखापतीत तीनच गोष्टी मोजायच्या: उपचार, प्रवास, आहार यांचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदनांसाठी काही रक्कम. भविष्यातल्या कमाईचं नुकसान तेव्हाच, जेव्हा कायमचं अपंगत्व डॉक्टरी पुराव्याने दिसतं. तिथेही टक्केवारीला आंधळेपणाने गुणायचं नाही. तोच हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ बंद होते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते.

म्हणजे मनगट मोडलेल्या मजुराचा हिशोब साधारण कागदावर मांडता येतो. प्लास्टरचा खर्च, गोंदियाच्या फेऱ्या, सहा आठवडे बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या बायकोची बुडालेली मजुरी, वर वेदनांचे. हे जुळत असेल तर पन्नास हजार ही खंडणी नाही. खरचटलं तेवढंच असेल आणि कागद एकही नसेल, तर पाच हजारही जास्त होऊ शकतात. जखमी शाळकरी मूल असेल तर मजुरी मोजता येत नाही. त्यासाठी मास्टर मल्लिकार्जुन प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळा तक्ता दिला, ज्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या कायम अपंगत्वालाही एक लाख धरलेत, इतर खर्च वेगळा.

कंपनी अनेकदा जखमीवरच दोष टाकते: ट्रिपल सीट होते, म्हणून भरपाई कापा. नुसतं तिसरं बसणं म्हणजे अपघाताला हातभार नव्हे, असं २०२० च्या मोहम्मद सिद्दीक निकालात म्हटलंय. त्या बसण्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

दोन्ही बाजूंना लवकर मोकळं व्हायचं असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत असे दावे मोठ्या प्रमाणात निघतात. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर सही करण्याआधी वडिलांनी मसुद्यात एक ओळ शोधावी: कंपनीने मालकाकडून वसुलीचा हक्क राखून ठेवलाय की सोडलाय. जखमीला त्या ओळीने फरक पडत नाही, त्याचे पैसे कंपनीकडून येतात. गाडीच्या मालकाला मात्र ती वाचल्याशिवाय सही करणं परवडणारं नाही.